उजेड हाय, साहेब

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आता अठरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आता वाटतंय, कारण मी एक गोष्ट अशी करून बसलोय की ती तुमच्याशिवाय कुणाला नीट कळायची नाही. बायकोला सांगितली तर ती म्हणाली, "अहो, ऑफिसात सगळेच करतात, एवढं काय मनाला लावून घेता?" तुम्ही असं म्हणाला नसता. तुम्ही ताटावरून उठून गेला असता.

माझं काम काय आहे हे तुम्हाला समजावून सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्याच आमच्या खोल्या असतात, थंडगार, कपाटांनी भरलेल्या. काही कपाटांत डिस्क, म्हणजे लोकांची साठवलेली माहिती. ती माहिती मागेल त्या कॉम्प्युटरशी तिची गाठ घालून देणाऱ्या पेट्या असतात, त्यांना स्विच म्हणतात. दोन स्विच एकमेकांना जोडायचे तर मध्ये काचेची बारीक केबल लागते. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. आता गंमत बघा. प्रत्येक स्विचला स्वतःचा नंबर असतो, आणि कारखान्यातून निघताना सगळेच 'एक' हा नंबर घेऊन येतात. म्हणून नवीन स्विच जोडण्याआधी त्याचा नंबर बदलायचा. नाही बदलला तर दोघेही म्हणतात एक नंबर मीच, आणि एकमेकांशी बोलायला साफ नकार देतात. केबल धडधाकट, दिवे हिरवे, आणि बोलणं बंद. आमच्या धंद्यातली ही बालवाडी आहे, अण्णा. आणि मी तीच विसरलो.

एका इस्पितळाचे एक्स-रे आणि स्कॅन आम्ही सांभाळतो. एका रविवारी दुपारी त्यांच्या दुसऱ्या खोलीतला नवा स्विच जुन्याला जोडायचा होता, दोन तासांची परवानगी होती. जोडला, पण स्क्रीनवर दोघे एकमेकांपासून तुटलेलेच दिसत राहिले. मी पहिल्या मिनिटालाच केबलीला दोषी धरलं. केबल टाकली होती मामांनी. मामा म्हणजे कंत्राटदाराचा माणूस, फुरसुंगीकडचा, पंचावन्नच्या पुढचा. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना हा माणूस स्वतःच्या हाताने लेबल लावायचा, तेही मराठी आकड्यांत, आणि खाली बारीक अक्षरात आपलं नाव. आमच्याकडची पोरं हसायची. मामांनी उजेड मोजायचं मीटर लावलं आणि म्हणाले, "उजेड हाय, साहेब. पुरा हाय. केबलीत काय न्हाय." मी म्हटलं, "मामा, तुम्ही केबलीचं बघा, स्विच मला शिकवू नका." तीन वेळा टोकं पुसायला लावली. गुडघ्यावर बसून पुसत होते बिचारे. तिसऱ्यांदा उठताना म्हणाले, "दुसऱ्या टोकाला बी येकदा बगा की, साहेब." दुसऱ्या टोकाला नवा स्विच होता, मी लावलेला. मी बघितलं नाही. तुमचं वाक्य होतं ते, फॉल्ट शोधायचा तर दोन्ही टोकं बघ, आणि हे मला परक्या माणसाच्या तोंडून ऐकू आलं तरी बघितलं नाही.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, लाइनवर इस्पितळाचे लोकही होते. कशामुळे अडलंय? मी म्हणालो, केबल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मामांनी नवी केबल टाकली, अर्थात काही फरक पडला नाही. मग ते चहाला खाली गेले आणि एकटा असताना मी नव्या स्विचचा नंबर बघितला. एक. जुन्याचा बघितला. एक. नंबर बदलायला पाच मिनिटं लागली, दोघे लगेच बोलायला लागले. मामा वर आले, स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला. नव्या केबलीने चालू झालं असंच त्यांना वाटलं, आणि मी वाटू दिलं. सोमवारी रिपोर्टात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, केबल सदोष, बदलली.

आता तुम्हाला तो दिवस आठवला असेल. मला तर तो जसाच्या तसा दिसतो. येरवड्यातल्या आपल्या खोलीत आई भाकरी थापतेय, मी दहावीचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात, आणि तुम्ही हात न धुताच पाटावर येऊन बसता. जेलच्या रस्त्याला टेलिफोनच्या लाइनी बंद पडल्या तेव्हा इंजिनिअरने खड्डा न उघडताच लिहून टाकलं होतं, जॉईंटमध्ये पाणी शिरलं, जॉईंटरची चूक, म्हणजे जमिनीतल्या केबली जोडणाऱ्या तुमची. तुमची बढती अडकली. चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तो खड्डा खणला, तुमचा जॉईंट उघडला, तर आत पाण्याचा टिपूस नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तुमची चिठ्ठी तशीच कोरडी. नाव आणि तारीख. प्रत्येक जॉईंटमध्ये ठेवायचात तुम्ही, आई म्हणायची जमिनीला कसली चिठ्ठी लिहिता. ती चिठ्ठी घेऊन तुम्ही इंजिनिअरकडे गेलात आणि तो म्हणाला, "अहो, कागद आता वर गेला." तुम्ही ती ताटाशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "जॉईंट सुका होता." आईने तव्यावरची भाकरी उलटली. तुम्ही पुन्हा म्हणालात, सुका होता. मग माझ्याकडे वळलात. "शीक. जमिनीत हात घालणारा होऊ नकोस. लिहिणारा हो."

झालो की. तुमचा मुलगा लिहिणारा झाला.

दोन आठवड्यांनी मामा दिसेनात म्हणून कंत्राटदाराच्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "सर, तुमच्याच रिपोर्टवरून काढायला लागलं त्यांना. इस्पितळवाल्यांनी सांगितलं, हा माणूस नको." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर विचारतोय संन्यासी कुठे गेला! मग मी मॅनेजरकडे गेलो. सरळ सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून म्हटलं, समजा, त्या रविवारचं कारण वेगळंच निघालं तर? तो हसला. "अहो, तक्रारीचं तिकीट क्लोज झालंय. आता कशाला उकरताय?" कागद वर गेला होता, अण्णा. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. तुमच्या त्या इंजिनिअरला मी जन्मभर शिव्या घातल्या, आता वाटतं त्यालाही असंच हायसं वाटलं असेल.

गेल्या महिन्यात मामा भेटले. हडपसरला एका सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या कपड्यात. मी तोंड चुकवणार तोच त्यांनी सलाम केला. चिडले असते तर बरं झालं असतं. उलट खुर्ची पुढे करून म्हणाले, "साहेब, येक इचारू का? त्या केबलीत निघालं काय वो?" बारा तास गेटवर बसून हा माणूस तेवढंच शोधत होता. माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "काही नाही मामा, आतून तडकली असेल." ते मान हलवत राहिले. "मीटर तर पुरा दावत हुतं. माझंच डोळं गेलं आसतील. आता बारीक कामाला हातच लावत न्हाय." आणि माझ्यासाठी गेट उघडायला उठले.

तुमच्याकडे निदान चिठ्ठी होती. शेवटपर्यंत तुम्ही स्वतःच्या हातावर शंका घेतली नाहीत. मामांचा तर हातच मी काढून घेतला.

रविवारी अजून विहारात जातो. तुम्हाला आठवतं, पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तुमचा आवाज चढायचा आणि माझा हळू आला की कोपर मारायचात? आता तिथे माझे नुसते ओठ हलतात. शेजारचे लोक पुढे गेले की पाचव्याला मी मोठ्याने सामील होतो.

हे सगळं लिहिलं म्हणून मामांना मी सांगेन, असं समजू नका. रोज त्यांच्या गेटचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने जातो. रिपोर्टही तसाच आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. ती काढलेली केबल भंगारात टाकायची होती, ती मी घरी आणली. माझ्या खणात, तुमच्या चिठ्ठीशेजारी आहे, दोन्ही टोकांना मामांच्या अक्षरातलं लेबल आहे. काल घरात कुणी नव्हतं तेव्हा बाहेर काढली आणि एका टोकाला मोबाईलची टॉर्च धरली. दुसऱ्या टोकाला उजेड होता, अण्णा. पुरा होता.