सात गाणी आणि न झालेली भैरवी

अण्णा, परवा आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात भुतांचा कार्यक्रम झाला आणि त्याचं परीक्षण मी लिहिलं. भुतांचा म्हणजे हॅलोविनचा. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेवढ्यात हा सण आपल्याकडे आला. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी लोक भुतांची सोंगं घेतात, तांबडा भोपळा पोखरून त्याला डोळे आणि दात कोरतात, आत दिवा लावतात. कोकणाला भुतं बाहेरून मागवायची पाळी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आपल्याकडे पिंपळावर मुंजा आहे, पाण्यावर आसरा आहेत, गावाच्या वेशीवर राखणदार आहे. पण त्यांना नारळ द्यावा लागतो, आणि त्यांच्याबरोबर फोटो काढता येत नाही. दिवाळी होऊन आठवडाच झालेला, त्यामुळे आकाशकंदील उतरवलेले नव्हते. एका माडाला कंदील आणि शेजारच्या माडाला प्लास्टिकचा सांगाडा, असा एकंदर थाट होता.

तुम्ही असतात तर हे सगळं मध्येच तोडून विचारलं असतंत, की सुरुवात कशाने झाली ते सांग. तुमची पद्धत मी सोडलेली नाही. साप्ताहिकाच्या छापखान्यात तुम्ही कंपोझिटर. दिवसभर लोकांचं लिहिलेलं शिशाच्या अक्षरांच्या खिळ्याला खिळा लावून जुळवायचात, आणि साप्ताहिकातली गाण्याची परीक्षणं तेवढी स्वतःची. तीही कागदावर न लिहिता थेट हातातल्या स्टिकमध्ये, खिळे बसवायच्या त्या लोखंडी पट्टीत, जुळवायचात, उलट्या अक्षरांत. त्यामुळे तुमच्या वाक्यात एकही शब्द फाजील नसे. फाजील शब्द म्हणजे फाजील खिळे, आणि अंक निघाल्यावर ते पुन्हा एकेक करून खणांत टाकायचे कोणी? पहिल्या चीजेपासून शेवटच्या चीजेपर्यंत, क्रमाने, काय झालं ते. काय वाटलं ते जागा उरली तर.

तर सुरुवात अशी. मुंबईची पाच मुलं, संध्याकाळी साडेपाचला, समुद्राकडे पाठ करून. या जातीच्या मंडळींना जॅम बँड म्हणतात. गाण्याचे शब्द दोन-चार ओळी, पुढे वीस मिनिटं नुसतं वाजवणं, जिकडे जाईल तिकडे जायचं आणि एकमेकांकडे बघत परत यायचं. ऐकणाऱ्यांना हे फार आधुनिक वाटत होतं. दोन ओळींचा ख्याल पाऊण तास चालतो हे तुम्ही त्यांना सांगितलं असतंत, आणि त्यांनी तुमच्याबरोबर फोटो काढला असता. पहिलं गाणं एका लांब रस्त्याबद्दल होतं. ड्रमवाला पक्का होता. समेला यायचं कधी हे त्या पाचांतल्या त्या एकट्यालाच ठाऊक होतं आणि बाकीचे त्याच्या मानेकडे बघून घरी येत होते. हे मी लिहिलं आणि ते खरं आहे, कारण ड्रम मला ऐकू येतो.

दुसऱ्या गाण्यापासून पंचाईत. दुसऱ्यात गिटार होती. त्या मुलाची बोटं वर सरकत गेली, डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, समोरची पोरंपोरी ओरडली, म्हणजे काहीतरी फार चांगलं झालं असणार. माझ्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही. अण्णा, माझं नाक आईवर गेलंय आणि कान तुमच्यावर. पहिल्यांदा गेली कुकरची शिट्टी. डाळीचा कोळसा झाला तेव्हा कळलं. मग दाराची घंटा, मग लोकांच्या बोलण्यातले स आणि श. डॉक्टर म्हणाला, वरचे स्वर गेलेत, खालचेही हळूहळू जातील. यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, पण गाणं पहिल्यासारखं होणार नाही. मी यंत्र आणलं. त्यातून बशीवर चमचा पडला तरी वखारीत पत्रा पडल्यासारखं वाटतं. ते आता कपाटात असतं. गेली दोन वर्षं मी परीक्षणं डोळ्यांनी लिहिते आहे आणि हे कोणालाही माहीत नाही. बोटं बघते, तोंडं बघते, शेजारचा माणूस कधी 'वा' म्हणतो ते बघते. साप्ताहिकाची आता नुसती वेबसाइट झाली आहे, ती जुन्या मालकांचा नातू चालवतो, आणि तो माझ्या लेखाखाली अंगठे किती आले तेवढं बघतो. परीक्षणं गेली की माझ्याकडे लोकांना टोचून लिहिणं तेवढं उरतं. त्यासाठी कान लागत नाहीत, हे या गावात मी सिद्ध केलेलंच आहे.

तिसऱ्या गाण्याला मी एका कागदाकडे बघत होते. गाण्यांची नावं लिहून त्यांनी तो स्टेजच्या कडेला चिकटवला होता. सात नावं, मी येतानाच उतरवून घेतली होती. यादी हातात असली की मला अजूनही हात भाजल्यासारखं होतं. एकोणीस वर्षांची मी, रविवारची सकाळ, देवळाच्या सभामंडपात बाहेरगावच्या बुवांचं गाणं, आणि तुम्ही पहिल्यांदाच परीक्षण माझ्यावर सोपवलेलं. मध्यंतरानंतर मैत्रिणीबरोबर मिसळ खायला उठले ती परत गेलेच नाही. यादीवरून सगळं लिहून काढलं. शेवटी लिहिलं, 'सांगतेची भैरवी नेहमीप्रमाणे रंगली.' भैरवीने कार्यक्रम संपतो आणि ती रंगते, यात चुकण्यासारखं काय होतं? तुम्ही मात्र मागे खांबाला टेकून शेवटपर्यंत बसला होतात. बुवांचा घसा बसला, भैरवी घेण्याआधीच त्यांनी हात जोडले आणि ते उठले.  तुम्ही माझं परीक्षण घेतलंत आणि जुळवलंत, आणि त्या वाक्याच्या जागी काहीच लावलं नाहीत. अंक आला तेव्हा माझ्या मजकुराखाली दोन बोटं पांढरा कागद होता. मालक छापखान्यात सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले. जुळवलेल्या पानाचा फर्मा उचलताना खिळे सांडले, माझी चूक, असं तुम्ही त्यांना सांगितलंत.

घरी तुम्ही विळीवर नारळ खवायला बसला आहात, मी ओट्याशी उभी आहे, आणि मान वर न करता तुम्ही विचारता, "काय गो, भैरवी कोणी गायली?" मी म्हणते, ती नेहमी रंगतेच. तुम्ही वाटी विळीवर उलटी करून खोबऱ्याचा शेवटचा थर काढता. "झाली नाय तर जागा सोडायची. भरायची नाय." बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात तुमची जुनी स्टिक मला देऊन टाकलीत. बक्षीस म्हणून की शिक्षा म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

चौथं आणि पाचवं गाणं एकमेकांत मिसळलं होतं, जोड कुठे होता ते मला सांगता येणार नाही. मी 'जोड कळू न देण्याचं कसब' असं लिहिलंय. त्या वेळात रिसॉर्टवाल्याची म्हातारी आई माझ्या शेजारी येऊन बसली. नऊवारी, कानाला मफलर. भोपळ्यांना दात कोरायचे म्हणून पोरांनी आतला गर टाकून दिला होता, तो तिने गोळा करून त्याचे घारगे केले होते, आणि ताट घेऊन ती हाडळी आणि कवट्यांमधून फिरून आली होती. मलाही दोन दिले. मोठ्याने बोलायची सवय असलेली बाई, त्यामुळे तिचं मला सगळं कळत होतं. "काय गो बाय, ह्यांचा गाना संपत कसा नाय? आमच्या भजनात बुवा येवडा लांबवील तर लोकां चाय प्यायला उठतील." त्या संध्याकाळचं तेवढं एकच परीक्षण कानांनी केलेलं होतं, आणि ते तिचं होतं. घारगे उत्तम होते. तेही मी लिहिलंय.

सहाव्याला पाचही जणांनी अंगावर पांढऱ्या चादरी घेतल्या, आणि मी हसले, आणि तुम्ही आठवलात. गाण्याच्या कार्यक्रमांत दर वर्षी एक रांग पुढे सरकणारे तुम्ही. खांबाजवळून मधल्या रांगेत, मधून तिसऱ्या, तिसऱ्यातून पहिल्या. पांढरा सदरा, पांढरं धोतर, गायकाच्या गुडघ्यापासून चार हातांवर. तुम्ही मोठे रसिक झालात असं लोकांना वाटत होतं. आयुष्यभर छपाईच्या खडखडणाऱ्या ट्रेडल मशीनच्या शेजारी उभं राहून तुमचे कान संपले होते, आणि ते घरात आम्हाला माहीत होतं. माझं तेव्हा नुकतंच सदर सुरू झालेलं. गावाला हसवायला मला दर आठवड्याला कोणीतरी लागायचं. त्या आठवड्यात मी 'पहिल्या रांगेतले रसिक' लिहिलं. भाषण मिळेल म्हणून आलेले नगरसेवक, शाल मिळेल म्हणून आलेले मुख्याध्यापक, आणि शेवटी एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ: तबला थांबला, गायक उठले, सतरंज्या गुंडाळायला घेतल्या, तरी हे आपले डोळे मिटून मान डोलावतच आहेत. नाव घातलं नव्हतं. गावाला त्याची गरज पडली नाही. बाजारात लोक मला थांबवून हसले. तुम्ही भिंग घेऊन ओटीवर वाचलंत, पेपरची घडी केलीत आणि म्हणालात, "सतरंज्यांचं चांगलं जमलंय." त्यानंतर तुम्ही एकाही कार्यक्रमाला गेला नाहीत. बोलावणी यायची, तुम्ही गुडघ्याचं कारण सांगायचात. दोन वर्षांनी तुम्हीच गेलात.

सातवं गाणं. यादीप्रमाणे ते समुद्राबद्दल होतं. अंधार पडला होता, दिवे मंद केले होते, ड्रमवाल्याने हात मांडीवर ठेवले आणि गिटारवाला एकटाच वाजवायला लागला. म्हणजे माझ्यासाठी सगळंच थांबलं. पण पुढे बसलेली, वेबसाइटची, गावात थोडीफार ओळखली जाणारी बाई मी. काहीतरी करायला हवं होतं. मी डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले. हळू लयीत, मध्ये थोडी थांबून, जाणकारासारखी. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग गुडघ्यावर एक हात आला, घारग्यांचं तेल लागलेला. म्हातारी वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "बाय, थांबला गो. कवाच थांबला." डोळे उघडले तर स्टेजवर लाइट नव्हता, भोपळ्यांतल्या दिव्यांच्या उजेडात गिटारवाला वायर गुंडाळत होता, आणि एक सांगाडा खुर्च्या उचलत होता. वीज गेली होती. गाणं अर्ध्यावर राहिलं होतं.

 तिने मला रिक्षापर्यंत पोचवलं आणि कागदात बांधून आणखी चार घारगे दिले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मालकांच्या नातवाला परीक्षण हवं होतं. सहा गाण्यांपर्यंत लिहिलं. जागा सोडायचं मनात आलं होतं. पण वेबसाइटवर जागा सुटत नाही, अण्णा. खालची जाहिरात आपोआप वर सरकते. मी लिहिलं, 'शेवटच्या गाण्याने संध्याकाळ अलगद मिटली.' नातवाने काही तपासलं नाही. खाली अंगठे बरेच आले, त्यातले दोन बँडच्या मुलांचे होते.

हे पत्र मी छापखान्यातल्या कागदाच्या कापीव पट्ट्यांवर लिहिते आहे, तुमच्या ट्रंकेत अजून बंडल आहे. लिहून झालं की त्याच ट्रंकेत जाईल, स्टिकच्या खाली. तुम्हाला वाचायला मिळायला हवं होतं ते फक्त इतकंच आहे. सतरंज्यांचं जे जमलं होतं ते मी पाहिलेलं नव्हतं. त्याही दिवशी मी गाणं संपायच्या आधी उठले होते. डोळे मिटून बसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या तुम्हाला ते तपासून बघता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मी दारातून वळून पाहिलं तेव्हा तुम्ही मान डोलावत होतात, हे खरं. तबला तेव्हा चालू होता.