अंबिका आत्याची येळवस

ती. अप्पांना शरणार्थी नमस्कार,

मी आफ्रिकेत, मलावीला खुशाल पोचले. जेवण सोसतंय, मच्छरदाणी हाय, काळजी करू नका. गुडघ्याला तेल लावता ना?

काल येळवशीच्या अमावस्येला अंबिका आत्याच्या शाळेत गेले, तर वर्गात कुणीच न्हाई. सारी पोरं मक्याच्या शेतात. गवताची खोप घातलेली, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, अन् मोठ्या पातेल्यात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजत होती. बेसन कमी पडलं होतं, पण आंबील आपल्यासारखीच आंबट.

तिथले मास्तर म्हणाले, आत्यानं दरसाल पाळलेला हा दिवस ती वारली तरी आम्ही मोडला न्हाई. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवल्याशिवाय आपल्यासारखं इथंही कुणी घास घेत न्हाई. "भारतात आज सगळ्याच शाळा शेतात जेवतात ना?" त्यांनी विचारलं. मी आपलं हाव म्हणून टाकलं.

अप्पा, रिटायर झाल्यावर ती इथं फुकट शिकवायला आली. तुम्ही मात्र दरसाल येळवशीला रेणापूरच्या शेतात तिचं पान मांडायचा, अन् ती आली न्हाई म्हणून रुसून बसायचा.

तिनं एकही येळवस चुकवली न्हाई.

तुमची,
मंजू