एकाच बाळाची तयारी

आई, हे तुला वाचता आलं नसतं. तू जन्मभर घरात मराठी बोललीस आणि लिहिलीस तमिळ; मी मराठी लिहायला शिकले ती लग्न होऊन पुण्याला गेल्यावर. तुला पत्रं पाठवायची ती मी तमिळमध्येच. हे मात्र तमिळमध्ये लिहायला घेतलं की हात थांबतो.

आठव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी तंजावूरला आले. गाडीतून उतरले तेव्हा तू तोंडाकडे नाही, पोटाकडे पाहिलंस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटाला लावून कान दिला, जागा बदलून पुन्हा दिला आणि दोन बोटं वर केली. घोडागाडीतून परतताना तू एवढंच म्हणालीस, "घरी दोन म्हणू नको."

आपल्याकडे बाळ येण्याआधी पाळणा आणत नाहीत, नवं कापड घेत नाहीत. जुनं लुगडं उकळून, उन्हात वाळवून त्याचे तुकडे करून ठेवतात. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तुझं मऊ झालेलं नऊवारी फाडते आहेस. मी भिंतीला टेकून पाहते आहे. एका बाळाला पुरतील एवढे तुकडे झाल्यावर तू उरलेल्या लुगड्याची घडी घातलीस. सुईण मागच्या दारात पान चघळत बसली होती. "अक्का, एका चुलीशी दोन जावा नांदत नाहीत," ती तमिळमध्ये म्हणाली, "हिच्या पोटात दोघं कशी निमूट बसलीत?"

"निमूट कुठली? दुपारभर भांडतात," मी म्हणाले.

सुईण खदखदून हसली. तू हसली नाहीस. "जीभ आवर. फार गाजावाजा केला की येणारं वाटेतनं परततं."

"मग दुसऱ्याला गुंडाळायचं कशात?"

"आल्यावर फाडू. फाडायला वेळ किती लागतो!"

कार्तिकातल्या एका सकाळी मुलगी झाली आणि लगेच रडली. तिच्यात आणि माझ्यात सगळे तुकडे संपले. थोड्या वेळानं मुलगा आला. तो ओंजळीत मावेल एवढा होता. सुईणीनं त्याला उलटा धरला, थोपटलं, आणि कापडासाठी हात पुढे केला. तू घडी आणायला आत गेली नाहीस. नेसत्या लुगड्याचा पदरच टरकन फाडलास. तो आवाज मला त्याच्या रडण्याहून मोठा वाटला. दुपारी पानं वाढायच्या वेळेपर्यंत तो होता.

बारसं झालं. एकाच नावाचं. त्यानंतर दोनेक दिवसांनी तू माझ्यासाठी काढा घेऊन आलीस आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू त्याच्यासाठी एक चिंधीसुद्धा ठेवली नव्हतीस. तुला एकच हवं होतं."

तू वाटी खाली ठेवलीस. "हो," म्हणालीस. "गरम आहे तोवर घे."

मग तू अकरा वर्षं जगलीस. पत्रात नातीच्या दातांबद्दल, शाळेबद्दल विचारायचीस. मी उत्तरं द्यायची, मोजकी. पुण्याला ये, असं एकदाही लिहिलं नाही. तू गेल्याची तार आली तेव्हा मी तुझ्या नातीची वेणी घालत होते. ती पुरी करून मग उठले.

तिला मी तुझी हीच गोष्ट सांगत आले. आता तिलाच आठवा लागला आहे, माझ्याकडे आली आहे. काल मी जुनी साडी काढून फाडायला बसले तर जवळ येऊन म्हणाली, "भरपूर फाड गं. आजीसारखं करू नकोस." आणि हसली. डॉक्टर एकच म्हणतात, तरी हसता हसता तिनं माझ्या हाताकडे नीट पाहिलं.

तेव्हा तिला सांगायला हवं होतं. तुकडे फाडलेस त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. न्हाणीत मी पाटावर बसले होते आणि तू पाठीवर कढत पाणी घालत होतीस. दोन्ही बरगड्यांखाली एकदम लाथा बसल्या. मी वीस वर्षांची, पुण्यात एक खोली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी मोठ्यानं म्हणाले, "देवा, एकच दे. दोन मला झेपायची नाहीत." तांब्या हवेत थांबला. मग तू पुन्हा पाणी घातलंस, जरा बेतानं, आणि माझे केस पिळून दिलेस.

तू ऐकलं होतंस. "हो" म्हणालीस तेव्हा ते तुझ्या मनात होतं आणि ते मला माहीत होतं. म्हणूनच मी भिंतीकडून तोंड वळवलं नाही.

मुलगी आतल्या खोलीत झोपली आहे. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.