लातूर भारी की नांदेड

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.
उदगीर जिंकलं. प्लेऑफची फायनल, नांदेडवर १-०. काल सेमीफायनलला लातूरशी ०-०, मग पेनल्टीवर निकाल. दोन्ही मॅच मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बघितल्या. विजयात माझा वाटा कागदावर येणार नाही. पण सेकंड हाफला मी "विंगवर द्या" असं ओरडलो आणि अकरा मिनिटांनी बॉल विंगवर गेला. त्यातूनच गोल.
संकल्प: रोज एक पान टेक्निकल अॅनालिसिस.

१ डिसेंबर, सोमवार.
सकाळी फिरून झाल्यावर शांतम्माच्या टपरीवर चहा. सोबत साहेबराव. कॉलेजच्या ग्राउंडला पाच राउंड आणि मग चहा, चौदा वर्षं झाली. ते रिटायर पोस्टमन, मी चष्म्याचा दुकानदार. फुटबॉलमधलं दोघांनाही कळतं. मला जास्त.
आज मतभेद. साहेबराव म्हणाले, "हरलेल्या दोघांत नांदेडच लई भारी व्हतं. लातूरचे पोरं नुसते पळून राहिले व्हते." मी म्हणालो, लातूर. लातूरवर आपल्याला गोल करता आला नाही, नांदेडवर आला. सरळ गणित. माझी सासुरवाडी नांदेडची आहे, याचा इथं काही संबंध नाही.
अॅनालिसिस उद्यापासून.

३ डिसेंबर, बुधवार.
वादाचा तिसरा दिवस. शांतम्मा म्हणाली, "साकु आता, पुरे. दोघांचाबी चहा गार झाला."
साहेबराव म्हणाले, नोकरी नांदेडला होती तेव्हा ते पोस्टाच्या टीममधून सहा वर्षं बॅक खेळलेत. मी म्हणालो, पत्रं वाटणं वेगळं आणि गेम वाचणं वेगळं. वाक्य जमून आलं. टपरीवरचे दोघंतिघं हसले. साहेबराव हसले नाहीत. अर्धा चहा ठेवून उठले.
मुद्दा संपला की माणसं उठतात.

५ डिसेंबर, शुक्रवार.
साहेबराव आता ग्राउंडला उलट्या बाजूनं फिरून राहिलेत. त्यामुळं एका राउंडला दोनदा समोरासमोर येतो. पाच राउंड म्हणजे दहा वेळा. दहाही वेळा दोघांनी मोबाइलमध्ये बघितलं. माझा चार्ज नव्हता.
चहा एकट्यानं घेतला. शांतम्मानं सवयीनं दोन कप ठेवले, मग एक उचलला.
घरी ऋतुजाला सांगितलं. ती दहावीत आहे, शाळेच्या टीममध्ये खेळते. म्हणाली, "पप्पा, सॉरी म्हणा की." मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. शिवकन्या आतून म्हणाली, "तत्त्वाचा म्हणजे चूक तुमचीच हाय."
बायको नांदेडची.

७ डिसेंबर, रविवार.
प्रीतम दुकानात आला. उदगीरच्या टीमचा कोच. चष्म्याचा स्क्रू निघाला होता. बोलता बोलता म्हणाला, चौदा तारखेला आपल्या टीमचा सत्कार, लातूर आणि नांदेड दोघांनाही बोलावलंय, त्यांची आपसात मैत्रीची मॅच ठेवलीय. रेफरी मिळाला, एक लाइनमन कमी पडतो.
निकाल आपोआप मैदानातच लागणार. मी म्हणालो, मी आहे.
प्रीतमनं विचारलं, नियम माहीत आहेत ना. मी फक्त हसलो. अशा प्रश्नाला काय उत्तर देणार.

९ डिसेंबर, मंगळवार.
नियमांचं पुस्तक मोबाइलवर घेतलं. दोनशेच्या वर पानं. पाच पानं वाचली, त्यात मैदानाची लांबी-रुंदी आली. पाया पक्का.
ऑफसाइडचं पान उघडलंच नाही. ऑफसाइड मला पाठच आहे: जो सगळ्यांच्या पुढं एकटा सापडतो, तो.
दुपारी दुकानात काच पुसायच्या कापडानं झेंड्याचा सराव. समोर एक आजोबा अक्षरांचा तक्ता वाचत होते. माझा हात वर गेला की ते थांबायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. शेवटी नंबर काय काढला आठवत नाही. शनिवारी बोलावलंय परत.

११ डिसेंबर, गुरुवार.
लाइनमनला पळावं लागतं. पहाटे तीन राउंड पळायचं ठरवलं. अर्धा पळालो. बाकी अनुभवावर.
साहेबराव समोरून येताना क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मीही थांबणार होतो, पण दम लागला होता आणि त्याचा गैरअर्थ निघाला असता.

१३ डिसेंबर, शनिवार.
साहेबरावांना कळलंय म्हणे, मी लाइनमन आहे. उद्या लातूर जिंकलं तर म्हणतील, चष्मेवाल्या सिद्धेश्वरानं झेंडा लातूरकडून हलवला. म्हणून पक्कं ठरवलं: मन लातूरचं, झेंडा कुणाचाच नाही. उलट लातूरला जरा कडकच.
ते आजोबा आले होते. तेवढ्यात मी शिट्टी आणायला बाजारात गेलो होतो. लाइनमनला शिट्टी नसते, हे नंतर कळलं.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.
नांदेड १, लातूर ०.
त्यातलं शून्य थोडं माझं आहे.
शेवटची पाच मिनिटं. लातूरच्या बॅकनं लांब किक मारली. त्यांचा नऊ नंबरचा पोरगा सगळ्यांच्या पुढं, एकटा. माझा हात आपोआप वर. पोरगा पळतच सुटला आणि त्यानं गोल मारला. रेफरी लांब होता. त्यानं झेंड्याकडं बघितलं आणि गोल रद्द केला.
मॅच संपल्यावर लातूरची पोरं माझ्याभोवती जमा झाली. एकानं विचारलं, "काका, तुमचं चष्म्याचं दुकान हाय म्हणतेत, खरं का?" त्यांच्या मागं आणखी माणसं. मला धड दिसेना, आवाज तेवढा येत होता.
तेवढ्यात कुणीतरी हातातला झेंडा काढून घेतला. साहेबराव. म्हणाले, "सरका. त्याला बीपी हाय." मला बीपी नाही. स्कूटरवर मागं बसवून घरी आणून सोडलं.

१५ डिसेंबर, सोमवार.
दुकान दुपारी उघडलं. माझा निर्णय बरोबर होता, असं दिवसभर म्हणत होतो. गिऱ्हाईक एकच आलं, त्यालाही सांगितलं.
संध्याकाळी ऋतुजानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. किक मारली त्या क्षणी नऊ नंबर मधल्या रेषेच्या अलीकडं आहे. चांगली दोन पावलं. ती म्हणाली, "पप्पा, आपल्या अर्ध्यात असला की ऑफसाइड नसतंय." मी म्हणालो, कॅमेऱ्याचा अँगल. तिनं पुन्हा लावला. मी चार वेळा बघितलं. प्रत्येक वेळी तो अलीकडंच होता.

१६ डिसेंबर, मंगळवार.
सकाळी साहेबराव नेहमीच्या बाजूनं फिरत होते. मी मागून गाठलं. पाच राउंड सोबत झाले. शांतम्मानं न विचारता दोन कप ठेवले.
नांदेड जिंकलं होतं. ते आता म्हणतील म्हणून मी वाट बघत बसलो. टपरीवर माणसंही होती. साहेबराव म्हणाले, "लातूर भारी व्हतं. त्यांचा गोल खरा व्हता."
म्हणजे वाद मी जिंकलो होतो. फक्त त्यासाठी झेंडा चुकला म्हणावं लागणार होतं. म्हणून मी म्हणालो, नाही, ऑफसाइडच होता, नांदेडच भारी. ते म्हणाले, लातूर. मी म्हणालो, नांदेड. शांतम्मानं कपाळाला हात लावला.
मग मला ते पोरगं आठवलं. गोल मारून दोन्ही हात पसरून पळत निघालं होतं, आणि मागं वळून बघितल्यावर तिथंच थांबलं होतं.
मी म्हणालो, "साहेबराव, तो अलीकडं होता. मला तो नियमच माहीत नव्हता. आणि त्या दिवशी पत्राचं बोललो, तेही चुकलं."
ते म्हणाले, "हाव."
एवढंच. टपरीवर कुणी हसलंही नाही. दोघांचं एकमत झालं, लातूर भारी, आणि बोलायला काही उरलं नाही. चहा गरम असतानाच संपला.
थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बरं, गोलकीपर कुणाचा चांगला वाटला?"
माझ्याकडं मत असतं. आज नव्हतं. मी म्हणालो, मला नाही माहीत, मी नव्वद मिनिटं झेंडाच सांभाळत होतो.
मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी दुकान उशिरा उघडलं.