चूप राय, अस्वल आयकून राहिला

प्रिय नीतू,

तुझा फोन आला तेव्हा मी पाहुण्यांचा भात उतरवत होते. ‘हो, ये’ एवढंच बोलले आणि तू म्हणालीस, आवाज का गं इतका बसलाय? बसला नाही. मोठ्यानं बोलायची सवयच मोडली आहे. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, शाळेतही तुझं काही फार बरं नव्हतं.

पर्यटन आल्यापासून गावातल्या मुलांची तब्येत सुधारली का, हे बघायला तुमची संस्था पुन्हा येणार ना? सुधारली, बाई. खोटं कशाला बोलू? माझा खेमराज कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर असायचा, आता घरीच राहतो. मागच्या खोल्या जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दिल्यात, घरात अंडी असतात, डाळ घट्ट होते. आमचा टिंकू तीन वर्षांचा झाला, अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यात हिरव्या पट्ट्यात आहे. असे गाल आलेत की तू चिमटा काढल्याशिवाय राहणार नाहीस.

पण पाहुण्यांना शांतता हवी असते. सुरुवातीलाच एक कुटुंब शेजारच्या लेकराच्या रडण्याला कंटाळून दुपारीच निघून गेलं. तेव्हा आमच्या बचत गटात ठरलं, पाहुणे असताना पोरांचा आवाज नको. पोरांना गप्प कसं करायचं हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. आठवतं, मोहफुलं वेचायला जायचो तेव्हा आपल्या आया आपल्या तोंडावर हात ठेवायच्या? ‘चूप राय, अस्वल आयकून राहिला.’ तू तर एवढी रडकी की तुझ्या आईचा एक हात तुझ्या तोंडावरच जायचा, फुलं कमी भरायची. तेच आम्ही घरात आणलं. पाहुण्यांच्या जीपचा आवाज आला की लेकराच्या तोंडावर हात ठेवायचा आणि अस्वलाचं नाव घ्यायचं. आपल्या वेळी जंगलातून घरी परतलो की आपण हवं तेवढं भोकाड पसरायचो. या पोरांना परतायला दुसरं घर नाही.

आता पोरं रडतच नाहीत. खेळता खेळता जीप ऐकू आली की सगळी जागच्या जागी थांबतात आणि स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवतात. अंगावरचं बाळसुद्धा दूध सोडून दाराकडे बघतं. पाहुणे जाताना सांगतात, इतकं शांत गाव कुठे पाहिलं नाही. पण पाहुणे गेले तरी हे असंच चालू असतं. टिंकूला सुई टोचली तेव्हा तो हूं की चूं करेना, नर्सबाईंनी त्याचं कौतुक केलं. मग गेल्या महिन्यात त्याच्या उशीला घाण वास आला म्हणून बघितलं, तर कान पुवानं भरलेला. किती दिवस ठणकत असेल कोण जाणे. आमच्यात बसून जेवत होता, हसतही होता. आणखी उशीर झाला असता तर कान गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, ‘गुनाचा पोरगा आहे, कायले रडवतेस त्याले?’ मला फार भीती वाटते, नीतू. उद्या पोटात काही झालं तर मला कशावरून कळणार?

तुम्ही याल, त्याला काट्यावर बसवाल, वजन चांगलं भरेल. काल दुपारी पाहुणे गेले, घरात आम्ही दोघंच होतो. मी त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, अस्वल गेलं रे, आता रड. तो नुसता बघत राहिला. मग मलाच रडू फुटलं. त्यानं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला, दाराकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, ‘चूप राय माय, आयकून राहिला.’ तो इवलासा हात मला काढता येईना, इतका घट्ट दाबला होता त्यानं. म्हणून लिहिते आहे. संस्थेच्या जीपनं येऊ नकोस. आदल्या दिवशी रेल्वेनं ये, दरेकसाला उतर आणि पायी ये, वाटेत मोठ्यानं गात ये. वजनाचं मागून बघू. आधी माझ्या पोराला रडव.

तुझीच,
अन्नपूर्णा