न बुडालेलं घटिकापात्र

रत्नागिरी,
वैशाख वद्य ५, शके १८५५

ती. गं. भा. यमुनाताईस,

सखारामाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? शाळेचे जिने चढून तो फारच दुखत असेल तर ओव्याच्या पुरचुंडीने शेकत जा. (ओव्याने काही होत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण आई असती तर तिने हेच सांगितलं असतं. शिवाय हल्ली मी शास्त्राची बाजू घेऊन बोलायचं सोडलंय.) तुझ्या शाळेतल्या मुली तुझं ऐकतात ना? माझ्या वर्गातली पोरं परवापासून मला पाठीमागून ‘आगबोट मास्तर’ म्हणतात. ते का, हेच सांगायला बसलोय.

विमलाचं लग्न मोडल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. कालच्या बोटीने निम्मी आळी मुंबईला गेली, आणि आमच्या आळीतला माणूस एक वेळ वळकटी विसरेल, बातमी विसरायचा नाही. बापाने चेटूक करून लेकीचं लग्न मोडलं, असं कुणी सांगितलं असेल तर ते निम्मंच खरं आहे. मोडलं एवढंच खरं.

स्थळ मालगुंडचं. आत्मारामपंतांचं वय त्यांच्या तोंडून बेचाळीस, पत्रिकेवरून सेहेचाळीस. दोन बायका गेलेल्या, आंब्याची दीडशे कलमं जिवंत. हुंडा नको म्हणाले. विमला सतराची झाली, आळीतल्या बायका तिच्या आईला हौदावर गाठून विचारायच्या, तेव्हा मी होकार देऊन मोकळा झालो. (मला शिव्या घालायला तू टाक उचलू नकोस, त्या मला घरच्या घरी मिळतात. सावित्रीने महिना झाला, माझ्याशी ‘ताट वाढलंय’ यापलीकडे अक्षर काढलेलं नाही.) विमलाला कुणी विचारलं नाही. विचारायची रीत नाही, आणि रीत असती तरी मी विचारलं नसतं, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

तर आदल्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं, आणि त्यात पुढे नवऱ्या मुलाचे (मुलाचे म्हणायचं आपलं) चुलते धोंडूकाका. हा माणूस येताना होडीत सुपारी कातरत बसला होता आणि खाडीच्या मध्यावर त्याच्या हातून अडकित्ता निसटला. पन्नास वर्षांचा पितळी अडकित्ता, डुबुक करून गेला तो गेलाच. मग काय विचारतेस! जणू घरातलं माणूस गेलं. पाय धुवायला पाणी दिलं तरी अडकित्ता, सरबत दिलं तरी अडकित्ता. संध्याकाळी सीमांतपूजन आटोपलं, सगळे ओटीवर बसले, तेवढ्यात बंदराकडून बोटीचा भोंगा वाजला. झालं! धोंडूकाका म्हणाले, मास्तर, तुम्ही शास्त्र शिकवता ना, मग सांगा, पसाभर अडकित्ता तळाला जातो आणि हजारो मण धातूची आगबोट माणसं, म्हशी, आंब्याच्या पेट्या घेऊन तरंगते, हा न्याय कुठला? आणि उत्तरही त्यांनीच दिलं: बोटवाले वरुणाला सोन्याचा नारळ वाहतात, मी साधाही वाहिला नाही, म्हणून त्याने माझा अडकित्ता घेतला.

ताई, इथे शहाण्या वधूपित्याने मान डोलवायची असते. पण बावीस वर्षं वर्गात ओरडून ओरडून माझ्या जिभेला वळणच वाईट लागलंय. आणि समोर काय ठेवलेलं? घंगाळ, आणि त्यात आपलं घटिकापात्र! (तुला सांगायला नको, आजोबांच्या वेळची तीच तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यावर सोडली की घटकाभरात भरते आणि बुडते. रघूभटजींनी दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तासाठी पारखायला काढली होती. घरात चावीचं घड्याळ आहे, पण धोंडूकाकांच्या मते घड्याळ साहेबाचं आणि मुहूर्त आपला, म्हणून त्यावर त्यांनी फडकं टाकायला लावलं होतं.) मी वाटी उचलली. म्हटलं, बघा, अडकित्ता भरीव. तो स्वतःपुरतं ओंजळभर पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याचं वजन अडकित्त्याहून कमी, मग पाणी त्याला तोलणार कसं? बोट पोकळ. तिचं पोट एवढं मोठं की ती बाजूला सारते ते पाणी तिच्याच वजनाचं भरतं, आणि तेच पाणी तिला वर उचलून धरतं. तुमचाच अडकित्ता ठोकून त्याची वाटी केली असती तर ती खाडीत तरंगत राहिली असती. मग वाटीच्या भोकावर बोट दाबून ती पाण्यावर धरली. म्हटलं, भोक बुजलं की ही आगबोट, भोक उघडलं की तुमचा अडकित्ता. सगळे बघत होते. विमला चहाचे पेले न्यायला आली होती, तीही दाराआड थांबून बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला भटजींनी वाटी सोडली. घंगाळ माजघरात, गौरीहराशेजारी. वाटी बुडली की ते ती उपसत, पाटावर कुंकवाची एक रेघ ओढत आणि पुन्हा सोडत. दहा रेघा नीट झाल्या. अकरावी वाटी बुडली की मुहूर्त. तेवढ्यात अंतरपाट सापडेना म्हणून भटजी वाटी पाटावर उपडी ठेवून बाहेर ओरडायला गेले, परत आले आणि घाईघाईने वाटी सोडली. विमलाला तिच्या मामाने बाहेर आणलं. मंगलाष्टकं सुरू झाली. वाटी काही बुडेना. आठ मंगलाष्टकं संपली, भटजींनी पुन्हा पहिल्यापासून धरली. अक्षता तिसऱ्या फेरीतच संपल्या, मग बायका रिकाम्या मुठी उडवायला लागल्या. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात इतके भरून आले की पाट खाली खाली येत आत्मारामपंतांच्या पोटापर्यंत आला, आणि नको ते मुखावलोकन मुहूर्ताआधीच झालं. मी म्हटलं, अहो, घड्याळात बघा, वेळ टळतेय. धोंडूकाका म्हणाले, पाण्याने अजून होकार दिलेला नाही. भटजींचा आवाज बसला तरी ती शिंची वाटी आपली राजहंसासारखी डौलात तरंगतेय!

शेवटी घड्याळावरचं फडकं काढलं. मुहूर्त टळून पाऊण तास झाला होता. सगळ्या मांडवाचे डोळे माझ्याकडे. मी गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी आज वाटीला शिवलोसुद्धा नाही. कोण ऐकतंय! मी म्हटलं, गोरज मुहूर्तावर लावू. पण आत्मारामपंतांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोन बायका गेलेला माणूस तो, म्हणाला, वरुणाचीच इच्छा दिसत नाही, आणि त्याने स्वतःच्या हाताने मुंडावळ्या सोडल्या. वऱ्हाड भरतीची वेळ साधून निघून गेलं. (जेवून गेलं. धोंडूकाकांनी जिलबी तीनदा मागून घेतली.)

आता आळीत तोंड दाखवायची सोय नाही. हेडमास्तरांनी तरंगण्याचा धडा यंदा गाळा असं सुचवलंय. सावित्री रडत नाही, बोलत नाही. विमला तर मजेत दळणकांडण करतेय, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी निरपराध आहे, एवढं तरी तू मान.

तुझा धाकटा भाऊ,
सखाराम

ता. क. वद्य ७. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज वाटी चिंचेने घासायला घेतली तर भोकात मेण. लालसर. कपाळाला लावायच्या कुंकवाखालचं मेण घरात कुणाच्या डबीत असतं, हे सांगायला शास्त्र लागत नाही. गौरीहरापुढे त्या वेळी एकटी कोण बसली होती, हेही नाही. विमलाला हाक मारली. ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच म्हणालात ना, भोक बुजलं की आगबोट?” सावित्री चुलीकडे तोंड करून हसली. महिन्यानंतर प्रथमच. म्हणजे तिला ठाऊक होतं. ताई, बावीस वर्षांत एकाही पोराच्या टाळक्यात न शिरलेला धडा दाराआडच्या पोरीला एका खेपेत समजला. मेणाची गोळी पुडीत बांधून सोबत पाठवतोय. तिला तुझ्या शाळेत घालताना कुणी हुशारीचा दाखला मागितला तर दाखव.

ता. क. दुसरा. तुला लग्नाचं बोलावणं केलं नव्हतं. शुभकार्यात नको, असं मीच म्हणालो होतो. तू शिकायला निघालीस तेव्हा तुझ्यामागे दार लावणाऱ्यांतही मी होतो. त्याआधीचं एक तुला आठवत नसेल, मला परवापासून आठवतंय. तुझ्या लग्नात तू अकराची होतीस, मी आठ वर्षांचा. घंगाळापाशी मला बसवलं होतं. हीच वाटी. ती बुडाली तशी सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, “बुडाली! बुडाली!” आणि मला मोठा लाडू मिळाला. तो मी सगळा खाल्ला.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत शेवटची बोट शनिवारी आहे. पत्र टपालाने येत नाहीये, विमलाच घेऊन येतेय. एवढं वाचेपर्यंत तू तिला दारात उभी ठेवली असशील, तर आधी तिला आत घे.