ब्रेकमधलं पाणी

अण्णा, आज तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल मी बदललं. मेकॅनिककडे न देता, अंबरपेठेतल्या आपल्याच घरासमोर, जॅक लावून, चाकं काढून, तुम्ही शिकवलंत तसं. उद्या आईला घेऊन श्रीशैलमला जायचं आहे. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तिने त्या घाटाचं नाव काढलं नव्हतं. या वेळी स्वतःच म्हणाली, "एकदा दर्शन करून येऊ." आणि मग खालच्या आवाजात, "फक्त गाडीवर पाणी पडू देऊ नकोस."

तो दसरा मला अजून दिसतो. तुम्ही बॉनेट उघडून ठेवलंय, आई हळदकुंकू वाहते आणि झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडते. चार थेंब इंजिनवर पडतात. तुम्ही हसून म्हणता, "बस की, बुडवतेस का गाडी?" त्यानंतरच्या रविवारी आपण घाट उतरतोय. वळणामागून वळण, तुमचा पाय सारखा ब्रेकवर. एका वळणावर तो पाय थेट खाली जातो आणि गाडी थांबत नाही. तुम्ही गिअर खाली ओढता, हँडब्रेक खेचता, गाडी डोंगराला घासत नेता. आरसा फुटतो, आईच्या बाजूचं दार आत येतं, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटतं. मग सगळं थांबतं. आपण तिघंही जिवंत आहोत. डावीकडचं दार डोंगराला टेकलेलं, म्हणून तुम्ही आईला केस धरून तुमच्या सीटवरून बाहेर ओढता. "तेलात पाणी घातलंस! मारायचंय का सगळ्यांना?" आधी हाताने मारता, ती पडल्यावर लाथेने. यात्रेकरूंची एक बस हळू होते, खिडक्यांतून माणसं बघतात, बस निघून जाते. आई रडतही नाही. ओठातून रक्त येतंय आणि ती एकच म्हणतेय, "चुकलं माझं, चुकलं."

तिने ते खरंच मानलं. मीही मानलं, कारण तुम्ही म्हणाल ते मला खरंच वाटायचं. माझी पहिली शाळा तुम्हीच. शाळेत तेलुगू आणि इंग्रजी होतं, मराठी अक्षरं तुम्ही घरात गिरवून घेतलीत, आणि आकडे मी पान्यांवरून शिकले: दहा, बारा, चौदा. ब्रेकमधली हवा काढताना मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचात. पाय पोचत नसे, म्हणून मी सीटच्या कडेला सरकून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायची. तुम्ही चाकापाशी बसून ओरडायचात, "दाब. धर. सोड." पाना फिरवून चाकाजवळचा स्क्रू बंद करायच्या आत मी पाय सोडला की पाइपमध्ये हवा शिरायची. मग तोच पाना माझ्या नडगीवर बसायचा. तिथला उंचवटा अजून हाताला लागतो.

या वेळी नवीन डबा आणला आणि त्यावरचं सगळं वाचलं, परत परत. ब्रेक ऑइल हवेतली ओल स्वतःच ओढून घेतं, अण्णा. ब्रेक ऑइलच्या बंद टाकीतसुद्धा, हळूहळू. उघडलेल्या डब्यात तर भराभर, म्हणून उरलेलं वापरू नये असं लिहिलंय. घाटात ब्रेक तापले की तेलातलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय खाली जातो. तुम्ही उरलेला डबा घरातल्या विजेच्या मीटरच्या फळीवर ठेवायचात, तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावून. वाया कशाला घालवायचं! त्या दसऱ्याच्या आधी त्यातूनच टाकी भरलीत. टॉर्च मी धरला होता. भरून झाल्यावर झाकण घट्ट लावलंत, तेही मी पाहिलं होतं. आईचे चार थेंब आत जायला वाटच नव्हती.

आज ब्रेकवर आईचा पाय होता. "मला नक्को बाई," म्हणत होती, पण दुसरं होतं कोण? मागचं चाक झालं, दुसरं झालं. तेल जुन्या, उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं निघत होतं. पुढच्या चाकाला तिने पाय आधीच सोडला. नळीतून बुडबुडे माघारी गेले. मी उठले, पाना हातात होता, तो कधी वर गेला कळलं नाही. "धर म्हटलं ना! मारायचंय का सगळ्यांना?" शब्द तुमचे, आवाजही तुमचा. आईने पाय परत दाबला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मी काहीच केलं नाही, नुसती उभी राहिले, तरी तिचा पाय ब्रेकवरच होता, खालपर्यंत दाबलेला.

पाना खाली टाकला आणि तिथेच जमिनीवर बसून तिला सगळं सांगितलं. डबा, पिशवी, टॉर्च, झाकण. तिने चेहऱ्यावरचे हात खाली घेतले.

"म्हंजे माझ्या पाण्यानं नव्हतं?"

"नव्हतं, आई."

"मग तो मार कुणाचा होता गं?"

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर द्या. मग तीच म्हणाली, "आता तरी पाय सोडू का? गोळा आलाय."

काम पुरं केलं. नवं तेल मधासारखं स्वच्छ आहे, ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो. उरलेलं मी ठेवलं नाही. हात धुताना आई म्हणाली, "उद्या निघताना मी पाणी शिंपडणार आहे. तांब्याभर." मी म्हटलं, "हौ, ओत."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून अजून एक गोष्ट लिहून ठेवते. आईची मी माफी मागितली, पण हे तिला सांगितलेलं नाही. तिने चेहरा झाकला तेव्हा, लाज वाटायच्या आधी, क्षणभर मला बरं वाटलं होतं.